ओलांडलेला शब्द

फ्रिजच्या दारावरची चिठ्ठी एका कोपऱ्याने सुटली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने जराशी उचलली जाऊन पुन्हा दाराला टेकत होती — निळी शाई, सुनेचं ठसठशीत अक्षर, वर शब्द, खाली अर्थ, आणि त्याखाली पेन्सिलीने काढलेले तीन चौकोन. दोन चौकोनांत खूण होती. तिसरा रिकामा होता, आणि तो तिचा, सासूचा.

सून नर्स होती. नव्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, म्हणून रोज एक शब्द फ्रिजवर लागायचा आणि घरातल्या प्रत्येकाने रात्रीच्या जेवणाआधी तो एकदा तरी वाक्यात वापरायचा. ‘‘नुसता अर्थ पाठ करून भागत नाही, आई. तोंडात रुळायला पाहिजे.’’ दोन महिन्यांत पहिली खूण बहुतेक सासूचीच असायची. चहा गाळता गाळता ती वाक्य फेकायची आणि मुलगा म्हणायचा, ‘‘परीक्षेला हिलाच बसव, तू कशाला मरमर करतेस.’’

आज मुलाने कपाट उघडलं, वरची पांघरुणं त्याच्या डोक्यावर आली आणि तो ओरडला, ‘‘आला बघ, ॲव्हलांच ऑफ ब्लँकेट्स!’’ सुनेने आपलं वाक्य पेशंटच्या नातेवाइकांच्या प्रश्नांवर केलं. मग दोघंही सासूकडे बघायला लागली.

‘‘माझं संध्याकाळी.’’

‘‘तुमचं? उशिरा? बरं वाटत नाही का?’’

बरं वाटत होतं. शब्द ओळखीचा होता, एवढंच.

हिमलोट. डोंगरावरचा बर्फ एकदम सुटून खाली कोसळणे. सुनेने अर्थ अगदी बरोबर लिहिला होता. इंग्रजीच्या बाई सातवीत सांगायच्या — अडलेल्या शब्दावर बसून राहू नका, ओलांडून पुढे जा, वाक्य संपलं की अर्थ आपसूक उमगतो. वर्गात ते खरंही व्हायचं. घरात इंग्रजी येणारी ती एकटी, तेरा वर्षांची, म्हणून दादाच्या साहेबांचं टाइप केलेलं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते तिच्याच हातात दिलं. दादा लांब बर्फाच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होता, मोजणी करायचा. आई हातातली परात तशीच धरून दारात उभी, धाकटी बबी तिच्या पदराला धरून… कळवण्यास अत्यंत दुःख होतं की पहाटे, तंबूत सगळे झोपलेले असताना… इथे तो शब्द होता. लांबलचक, कधी न पाहिलेला. तिने तो ओलांडला. पुढे दादाचं नाव होतं आणि आणखी तिघांची.

बाबांनी विचारलं, ‘‘कसा गेला?’’

आणि ती म्हणाली, ‘‘झोपेत.’’

तेवढंच. नंतर कुणी काही विचारलं नाही. दोन वर्षांनी भूगोलाच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर डोंगर काढला, तोच शब्द लिहिला आणि डस्टर आपटून दाखवलं — पांढरी पूड सगळ्या चित्रावरून घरंगळत खाली. ‘‘खाली जे असेल ते घेऊन जातो,’’ मास्तर म्हणाले. शेजारची मुलगी लिहून घेत होती. हिच्या वहीत ती ओळ कोरी राहिली. घरी आज सांगायचंच म्हणून ती धावत आली, तर आई शेजारणीला सांगत होती, ‘‘कळलंसुद्धा नाही हो त्याला. झोपेत गेलं माझं लेकरू.’’ आईचा चेहरा तेव्हा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि ती पाय धुवायला गेली.

बाबा गेले, आई गेली. आता ‘झोपेत’ म्हणणारी बबी तेवढी उरली. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि मागच्या गुरुवारी चहा पिताना ती सहज म्हणाली होती, ‘‘भूल उतरली तर उतरली. नाही तर दादासारखं. त्याला कुठे काय कळलं?’’ तेव्हापासून आठ दिवस हिच्या मनात एकच — माझ्या चुकीवर विसंबून ती त्या टेबलावर झोपणार. सांगावं की नाही… आणि सांगायचं तर आजच.

बबी दर गुरुवारसारखी चारच्या ठोक्याला आली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई, वेळेची पक्की. जिने चढून दम लागला होता, तरी पाण्याची बाटली घ्यायला स्वतःच फ्रिजपाशी गेली आणि चिठ्ठीसमोर थांबली.

‘‘ॲव्हलांच,’’ तिने वाचलं. न अडखळता, नेहमीचा शब्द असावा तसं. मग सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. ‘‘तिसरी खूण कुणाची राहिली?’’

‘‘माझी.’’

‘‘तुझी? नवल आहे.’’

ती खुर्चीवर बसली, बिस्किट चहात बुडवलं. हिने विरघळलेली साखर पुन्हा ढवळली. चमचा बशीत ठेवला, पुन्हा उचलला.

‘‘ताई, चमचा ठेव खाली. कानाला लागतोय.’’

‘‘बबी, दादाचं ते पत्र…’’

‘‘आहे की. आईच्या ट्रंकेत. ट्रंक माझ्याकडेच नाही का, वीस वर्षं.’’ बिस्किटाचा ओला तुकडा पडायच्या आत तिने तोंडात टाकला. ‘‘पावसाळ्यानंतर दरवर्षी ऊन दाखवते. घडीवर फाटायला लागलंय. मागून कागद चिकटवला मी.’’

घडीवर. म्हणजे उघडते. वीस वर्षं, दरवर्षी… आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं.

मग मागच्या गुरुवारी ती ‘झोपेत’ म्हणाली ती कुणासाठी? आणि त्याआधीच्या इतक्या गुरुवारी? तिने बबीकडे नीट पाहिलं. पांढरे झालेले केस, मनगटावर रक्त काढल्याची निळसर खूण, आणि पदर धरून दारात उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचेच डोळे. ते चहाकडे लागलेले.

‘‘झोपलेलेच होते ना ते,’’ बबी म्हणाली. ‘‘पत्रात तसंच आहे. तू काही वेगळं नाही वाचलंस.’’

पंखा फिरत होता. चिठ्ठी आता जागची हलत नव्हती. हिला वाटलं होतं, हे निघालं की काहीतरी कोसळेल, नाही तर मोकळं तरी वाटेल. दोन्ही झालं नाही. हातात चमचा होता, कपात गारढोण होत चाललेला चहा होता, आणि पत्र तिला अजून तोंडपाठ होतं. ती मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून वाचू लागली, सातवीतल्यासारखी, एकेका शब्दावर बोट ठेवून. समोर बबी बसलेली होती, घाई नसल्यासारखी. कळवण्यास… अत्यंत… दुःख…

तो शब्द यायला अजून एक ओळ होती.