झुलत्या बागेचा पाझर

"सरका, सरका! भिंतीला घाम फुटलाय!"

बॅबिलोनच्या ढिगाऱ्यांपाशी तीन दिवसांपासून अख्खं गाव लोटत होतं. युफ्रेटिस आटलेली, खजुरी वाळलेल्या, विहिरी खारट. आणि दाहिर हकिमाने खणलेल्या खड्ड्यात जुन्या विटांची भिंत चक्क गोड पाणी गाळत होती.

"विटेवर राजाचं नाव बघा!" हकीम गरजला. "परदेशी पंडित झुलती बाग शोधून शोधून थकले. मला ती स्वप्नात दिसली. राणीच्या बागेचं पाणी हे! एक घोट, रोग पळाला!"

राजाचं नाव म्हणे! आमच्या आजोबांनी याच ढिगाऱ्यांतल्या विटा उपसून गाव बांधलं. माझ्या खुराड्यालाही राजाचा शिक्का आहे. कोंबड्या मरायच्या तेव्हा मरतातच.

मी तीस वर्षं त्याच पंडितांच्या उत्खननावर मुकादम होतो, गाव मला 'उस्ता' म्हणतं. हसून परतलोही असतो, पण रांगेत माझी भाची शुक्रिया दिसली. खांद्यावर तिची चार वर्षांची मुलगी नदवा, जुलाबांनी पार सुकलेली.

"अगं, हिल्ला शहरातल्या दवाखान्यात ने तिला!"

"तीन दिवस हेच पाणी पाजतेय, मामा. हकीम म्हणाले, सात दिवस दुसरं काही द्यायचं नाही, नाहीतर गुण जाईल."

मला आधी रडू आलं, मग संताप. मी खड्ड्यात उतरलो.

"उस्ता, पाप लागेल!" लोक ओरडले.

"घरच्या ओल्या भिंतींवरनं दरसाल काय खरवडता रे?"

"मीठ," कुणीतरी पुटपुटलं.

"आपल्या जमिनीतली ओल विटेत चढली की मीठ फुलतं. ही भिंत हजारो वर्षं पाझरतेय ना? मग मिठाचा एक कण दाखवा!"

हकीम आडवा आला. "बागेच्या पुण्याईनं मीठ पळालं!"

"कुठं पळालंय ते बघूच की," म्हणत मी खड्ड्यात पडलेली पहार उचलून घातली. सांध्यातला चिखल अजून ओला होता. चार विटा निघाल्या आणि मागे दिसला आपल्या प्रत्येकाच्या अंगणात पाझरतो तसलाच मातीचा रांजण. आत आटत्या कालव्याच्या डबक्यातलं हिरवट पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

हकीम गोंधळात पसार झाला. शुक्रिया रांजणात बघतच राहिली. "मामा, हे मी माझ्या हातानं पाजलं..."

आम्ही हिल्ला गाठलं. डॉक्टर म्हणाले, "काल जरी आणली असती, तर वाचली असती." दुपारी नदवा गेली.

झुलती बाग खरी होती की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही तीस वर्षं खणलं, सापडली नाही. आणि तसं सांगायला पंडितांना कधी लाज वाटली नाही. "सापडली" म्हणणाऱ्याला मात्र आधी विचारा, "वीट काढून बघू का?" त्याचा राग सोसा, गावाचा सोसा, पण विचारा. मी तीन दिवस उशिरा विचारलं.