एका पत्त्यावरची सात गावं

सारजाबाई म्हस्के ऑफिसात आल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. गंगापूर तालुक्यातल्या खडकवाडीच्या त्या सरपंच. २०१६ चा मे महिना, वर आग ओतणारं ऊन. शैला धर्माधिकारींनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी टेबलावर तसाच ठेवला.

“आधी हे सांगा मॅडम, आमचा टँकर कुठं अडला? तीन मेल केले. तुमचं एक उत्तर नाय.”

टंचाईच्या गावांना टँकर पाठवणारी ही संस्था. शैलाताईंनी बावीस वर्षं तिथलं आवक-जावक रजिस्टर सांभाळलं होतं. दोन वर्षांपूर्वी रजिस्टर बंद झालं आणि मागणी मेलवर यायला लागली. ज्यानं मेल सर्व्हर बसवला तो चिन्मय मार्चमध्ये पुण्याला गेला. तेव्हापासून सर्व्हर आपोआप चालत होता आणि शैलाताई फक्त त्यानं काढलेली यादी छापत होत्या.

त्यांनी ‘खडकवाडी’ शोधलं. इनबॉक्समध्ये काही नव्हतं. मग बाकीचे फोल्डर पाहिले. ‘दुबार’ नावाच्या एका फोल्डरात तिन्ही मेल पडून होते. पहिला एकोणीस दिवसांपूर्वीचा.

शैलाताईंनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. “सारजाबाई, मेल पोचलेत. आमच्याकडं कुणी उघडलेच नाहीत.”

“म्हंजे आम्ही उगा वाट बघत बसलो व्हय?”

शैलाताईंनी चिन्मयला फोन लावला.

“काकू, दोनच मिनिटं आहेत हं. मेल आला की माझा छोटा प्रोग्राम, ती स्क्रिप्ट, त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या भागात, एक ओळ घालते, एक्स-गाव. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून गावाचा नंबर. एकाच नंबराचा दुसरा मेल आठ दिवसांत आला, तर तो दुबार.”

“अरे, पण या फोल्डरात एकाच पत्त्यावरून सात गावांचे मेल दिसतायत.”

“तसं कोण पाठवतं?”

गंगापूरचा बद्रीनाथ पाठवत होता. त्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर सात गावचे सरपंच यायचे आणि तो स्वतःच्याच पत्त्यावरून सगळ्यांचे मेल करायचा. सर्व्हरच्या लेखी ती सातही गावं म्हणजे एकच गाव, बद्रीनाथचं. बाकीच्या तालुक्यांतल्या अशा सेंटरांचंही तेच. उलट शहरातल्या बीड बायपास रस्त्याला उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्यांपैकी प्रत्येकीचा वेगळा पत्ता. त्यांचा एकही मेल अडकला नव्हता.

संस्थेचे प्रमुख विश्वजित साहेब शैलाताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी ऐकून घेतलं. “यांचं गाव हातानं यादीत घाला. सर्व्हरला हात लावू नका. नवा माणूस पंधरा दिवसांनी येतोय.”

“आणि बाकीची गावं? त्या फोल्डरात त्रेसष्ट मेल आहेत, साहेब.”

“उद्या सगळंच बंद पडलं तर?”

“जुन्या स्क्रिप्टची प्रत ठेवते. बिघडलं तर पाच मिनिटांत परत लावते. पण पंधरा दिवस मी थांबणार नाही.”

साहेब म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर जुनं परत.”

पत्त्यावरून नाही, तर गाव ओळखायचं कशावरून? नावावरून म्हटलं तर तीन तालुक्यांत तीन पिंपळगावं. सारजाबाईच म्हणाल्या, “पंचायतीच्या कागदावर सहा आकडी नंबर असतोय. परत्येक गावाचा न्यारा. त्यो नाय चालत?”

“चालतो. विषयात पहिल्यांदा तोच लिहायला सांगू.” आता सारजाबाईंनी ग्लास उचलला.

शैलाताईंनी स्क्रिप्ट छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसल्या. दुपारपर्यंत त्यांना नंबर उचलणारी ओळ सापडली. ती बदलून त्यांनी चाचणीचा मेल धाडला. मेल आला तो विचित्रच. विषयाची जागा रिकामी, तारीख नाही आणि हेडरच्या उरलेल्या सगळ्या ओळी खाली मजकुरात सांडलेल्या.

दोन वेळा पुन्हा केलं, दोन्ही वेळा तेच. डोळे चुरचुरायला लागले. मग त्यांनी जुना मेल आणि नवा मेल शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट फिरवलं. एक्स-गावच्या खाली एक रिकामी ओळ होती. रिकामी ओळ आली की हेडर संपलं आणि मजकूर सुरू झाला, असं सर्व्हर समजत होता. आणि ती ओळ त्यांनीच घातली होती, वाचायला मोकळं दिसावं म्हणून. काढून टाकली. पुढचा मेल नीट आला, नंबरासकट.

पण जुन्या त्रेसष्ट मेलमध्ये तो नंबर कुठून असणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच येऊन त्यांनी एकेक मेल वाचला, मजकुरातून गाव शोधलं, तालुक्याच्या यादीतून नंबर काढून हातानं टँकरच्या यादीत घातला. एकेचाळीस गावं निघाली. बद्रीनाथच्या दोन मेलमध्ये गावाचं नावच नव्हतं, तेव्हा त्याला फोन करून विचारलं. चारला यादी तयार झाली आणि सोबत सगळ्या गावांना पाठवायचं पत्रही.

विश्वजित साहेबांनी पत्र वाचलं. “‘चूक आमची होती’ हे काढा. ‘तांत्रिक अडचण’ म्हणा.”

“तसं लिहिलं तर काय चुकलं ते त्यांना कळणार नाही, साहेब. परत तसेच मेल येतील. खाली माझं नाव घाला हवं तर.”

साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं.

गुरुवारी सारजाबाईंचा फोन आला. मागं बायकांचा कलकलाट, घागरींचे आवाज.

“आलं बघा पाणी, मॅडम. पर एकच खेप. आम्हाला दोन मंजूर हायत.”

“दुसरीचा मेल करा. विषयात नंबर घालून.”

“केलाय की, सकाळीच. बद्रीनाथनं नंबर दोनदा वाचून दाखवला मला.”

शैलाताईंनी यादी उघडली. त्या सकाळी बद्रीनाथच्या पत्त्यावरून पाच मेल आले होते, पाचांवर पाच वेगळे नंबर. खडकवाडी तिसरी होती. जुने मेल हातानं घातलेले, म्हणून सर्व्हरच्या लेखी या नंबराचा हा पहिलाच मेल.

“दिसलं. उद्या दुपारपर्यंत टँकर येईल.”

“येऊ द्या,” सारजाबाई म्हणाल्या, “नाय आला तर मी येतेच तुमच्या हापिसात.”

“या,” शैलाताई म्हणाल्या आणि टँकरवाल्याला फोन लावला.