मनकर्णाबाईंना विचारून

मी अकोल्याच्या जठारपेठेतले एक जुने छापयंत्र आहे. सध्या गोदामात गंजत पडले आहे. मित्रांनो, गोड बोलणे ऐकायला आला असाल तर माफ करा, माझे डोके फिरलेले आहे.

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतातून चाले, तेव्हा संपादक खुशालरावांनी मला आणून साप्ताहिक सुरू केले. माणूस कडक, पण जुळाऱ्यांबरोबर स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायला उभा राहणारा. त्यांची एक खोड मात्र मला मुळीच सोसत नसे. अग्रलेखाचा पहिला कागद निघाला की ते मला थांबवत आणि दारापुढे वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या मनकर्णाबाईंना तो वाचून दाखवत. बाईंना अक्षरओळख नव्हती.

“भाऊ, हे मले नाई समजलं,” असे त्या म्हणाल्या की जुळवलेले खिळे मोडून सोप्या शब्दांत पुन्हा जुळवायचे! माझ्या रुळांवरची शाई वाळे आणि मी चरफडत बसे. पण अंक अकोटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यापर्यंत जाई. तिथे एक जण वाची, मनकर्णाबाईंसारखे दहा जण ऐकत. तेवढ्यापुरता माझा राग निवळे.

तीस साली जंगल सत्याग्रहात खुशालरावांना तुरुंगवास झाला. जाताना ते पुतण्याला म्हणाले, “देवीदास, मी येईपर्यंत पेपर बंद पडू देऊ नोको.” एवढेच.

देवीदास राबला, खोटे कशाला बोलू? पण तो नुकताच बी.ए. झालेला. त्याचा अग्रलेख म्हणजे जड शब्दांची रास. एक दिवस मनकर्णाबाई आपणहून दारात आल्या.

“काहून रे बाबा, मले वाचून नाई दाखवत?”

“अग्रलेख काय भाजीवालीले विचारून लिवतात?” तो हसला.

मला ओरडावेसे वाटले, पण लोखंडाला तोंड कुठले! अंकांचे गठ्ठे परत येऊ लागले. चार महिन्यांत साप्ताहिक बंद पडले.

खुशालराव सुटून आले. माझ्यावरची धूळ त्यांनी बोटाने पुसून पाहिली. देवीदास मान खाली घालून उभा. आता याची खरडपट्टी निघणार, असे मला वाटले.

“चूक माही हाय,” खुशालराव म्हणाले. “बाईले काहून विचारतो, हे मी तुले कधी सांगतलंच नाई.”

गेलेले वाचक परत आले नाहीत. मित्रांनो, मला तेलपाणी करा, ही विनंती आहेच. पण तुम्ही एखादे काम ज्या रीतीने करता, ते तसे का, हे मागून येणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या एकाही चाकाचा दात तुटलेला नव्हता हो, तरी मी बंद पडले.