खंडेनवमीपुरता मान

मित्रांनो, अणदूरला अण्णाराव सरांच्या कोनाड्यात फडक्याखाली बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर.

जन्मलो कारखान्यात, पण घर मिळालं ते कीर्तनामुळं. अण्णाराव कॉलेजात मराठी शिकवायचे. गावच्या वीरप्पाबुवांच्या शिवकीर्तनावर पुस्तक लिहायचं त्यांनी मनात धरलं होतं. बुवा देवळात उभे राहिले की म्हातारीकोतारी पदरानं डोळे पुसायची. पण त्यांची आख्यानं कुठं लिहिलेली नव्हती, सगळी गळ्यात. ती उतरवून घ्यायला सरांनी मला सोलापुराहून आणलं.

पहिल्या दिवशी बुवा माझ्यासमोर मांडी घालून बसले. सरांनी बटण दाबलं. बुवा खाकरले. "येतंय का ह्यात? माझा आवाज कोंडून ठेवता व्हय, अण्णाराव!"

तेवढ्यात दूध सोसायटीचे सचिव सादिकभाई दारात आले. "सर, चाऱ्याचा अर्ज आजच द्यावा लागतंय. जनावरं उभी ऱ्हाईनात."

दुष्काळाचे दिवस. काम खरंच नडीचं होतं. बुवाच म्हणाले, "जावा तुमी. माझं काय, उद्या बसू निवांत." सरांनी मला बंद केलं.

मग रोजच कोणी ना कोणी यायचं. टँकरचा अर्ज, सोसायटीचा ठराव, परीक्षेचे पेपर. सर कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. बुवांना मात्र उद्या म्हणायचे. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं, झेंडू मिळायचा. "लई गुणाचं यंत्र," असं सर पाहुण्यांना सांगायचे आणि पुन्हा फडकं टाकायचे. पुढं पुढं मला वाईटही वाटेनासं झालं.

एका सकाळी बुवांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. सर मला घेऊन त्यांच्या उशाशी बसले. बुवांचा डावा हात गोधडीवर ताल धरत होता. ओठांतून काही येत नव्हतं. सरांनी बटण दाबलं नाही.

आता सर पहाटे दाराला कडी लावतात आणि ऐकलेलं आठवेल तसं लिहितात. बाहेरून हाक येते, "सर, हायत का?" सर आतूनच म्हणतात, "तासाभरानं या, सादिकभाई." सादिकभाई ओट्यावर बसून राहतात. अर्ज तासाभरानंही जातोच. सरांना शब्द थोडेफार सापडतात. चाल सापडत नाही.

मित्रांनो, तुम्हालाही काही लिहायचं असेल, कुणाचं ऐकून घ्यायचं असेल. ते काम दार वाजवत येत नाही. दिवसाचा पहिला तास त्याला द्या, बाकीच्यांना मागून.

लिहायला बसण्याआधी सर रोज मला एकदा लावतात. बुवा खाकरतात. "येतंय का ह्यात?" विचारतात. मग सादिकभाईंचा चाऱ्याचा अर्ज, आणि शेवटी बुवांचं एवढंच: "उद्या बसू निवांत."