खंडेनवमीला बंद ठेवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटलं की तुम्हाला लाडू-चिवडा आठवला असेल, म्हणून आधीच सांगतो, माझ्यात खाण्यासारखं काही नाही. माझ्यात इंटरनेट येतं. जळकोट तालुक्यातल्या बेलवाडीच्या ग्रामपंचायतीत एका फळीवर माझं बिऱ्हाड आहे. जमिनीखालून काचेची बारीक तार येते, तिच्यातून उजेड येतो आणि त्या उजेडाचं इंटरनेट करून मी ते हवेत सोडतो. माझं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे. ते गावात कुणालाच म्हणता येत नाही, म्हणून सगळे मला डबा म्हणतात. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता सवय झाली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकने उदगीर, उदगीरहून जीपने बेलवाडी. मी आलो त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, माझ्यासोबत फोटो काढायला रांग लागली. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. पण गंमत अशी की मी आलो होतो आणि तार आलीच नव्हती. तारेसाठी रस्त्याकडेने खणलेली चारी ओढ्यापाशी येऊन थांबली होती. मग मला कपाटात जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलं गेलं. तिथे मी धूळ खात पडलो आणि एका उंदराने माझ्या खोक्याचा कोपरा कुरतडला. बाहेर कुणी विचारलं की, 'आपल्या गावात इंटरनेट आहे का?' तर उत्तर मिळायचं, 'आहे की, कपाटात आहे.'

तार आली तेव्हा दोन पावसाळे होऊन गेले होते. माझा हिरवा दिवा पहिल्यांदा लागला आणि पंचायतीच्या ओसरीवर माणसं बसू लागली. त्याआधी साध्या सातबाऱ्यासाठी जीपने जळकोट गाठावं लागे. तिथे 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे ऐकून हात हलवत परत यावं लागे. फोनला रेंज हवी तर शाळेमागच्या टेकडीवर चढायचं, आणि तिथेही अर्ध्या वाक्यात फोन तुटायचा. आता ओसरीवर बसून दाखले निघू लागले, निकाल कळू लागले, शहरात गेलेल्या लेकांची तोंडं दिसू लागली. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी जरा फुशारलो होतो.

माझी देखभाल पंचायतीचे शिपाई ईश्वरप्पा करायचे. धोतर-टोपीतला हा माणूस भारी नीटनेटका. रोज सकाळी कोरड्या फडक्याने मला पुसायचे, ऊन लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावायचे. ऑफिसची किल्ली त्यांच्या करगोट्याला. ते मला जीव लावत होते आणि त्या जिवापोटीच पुढचं सगळं घडलं.

खंडेनवमीचा दिवस होता. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी अवजारांची पूजा असते. नांगर, विळे, ट्रॅक्टर, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून मांडायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला काम लावायचं नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढीच सुट्टी. ईश्वरप्पांना वाटलं, हा बिचारा डबा तर रात्रंदिवस राबतो, याला सुट्टी कोण देणार? त्यांनी सकाळीच मला बंद केलं, फळीवरून उतरवून पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मागे लोंबणारी तार त्यांना अस्ताव्यस्त वाटली, म्हणून सुतळीसारखी बोटाभोवती घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधली. हात जोडले, कुलूप लावलं आणि पुरणपोळी खायला घरी गेले. जन्मात माझी इतकी सुंदर पूजा झाली नव्हती. मी आपला हुरळून बसलो होतो.

तेवढ्यात खिडकीवरचं पोतं सारून रेणुकाने आत डोकावलं. रेणुका म्हणजे बौद्ध वस्तीतल्या आनंदराज यांची मुलगी. शिकून तिने नांदेडला नोकरी धरली होती, पण आईला अर्धांगवायू झाला आणि सगळं सोडून तिला गावी यावं लागलं. आईला उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बापाचा दिवस मजुरीत जायचा. पुण्याच्या एका बियाणे कंपनीला घरी बसून शेतकऱ्यांचे फोन घेणारी माणसं हवी होती. आईला सोडून जायला नको, आणि पगारही मिळेल, अशी तिला जमणारी ती एकच नोकरी होती. तिची मुलाखत त्याच दिवशी दुपारी बारा वाजता होती, व्हिडिओवर. खंडेनवमी तिच्या घरी नसते. त्या घरात दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चालली होती. डब्याला सुट्टी असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिने खिडकीतून माझा विझलेला दिवा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आनंदराज धावत जाऊन ईश्वरप्पांना घेऊन आले. मागोमाग व्यंकट ट्रॅक्टरवालाही आला. गावात काही झालं आणि व्यंकट आला नाही असं होत नाही.

"काका, उघडा ना. माझी मुलाखत हाय," रेणुका म्हणाली.

ईश्वरप्पा गोंधळले. "आज कसं जमंल बाई? पूजा केलीय. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापस्तोर हात लावत न्हाईत. उद्या सकाळीच चालू करतो की."

"उद्या न्हाई काका, आजच हाय. आज हुकली की गेली."

"माझा ट्रॅक्टर बी उभाच हाय," व्यंकटने उगाच भर घातली. "नेम म्हंजे नेम."

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ईश्वरप्पांनाही वाईट वाटत होतं, पण हात किल्लीकडे जात नव्हता. तेव्हा आनंदराज पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"ईश्वरप्पा, तुमी लोकं आडाची बी पूजा करता. पूजा करून आड बंद ठेवता का?"

"आड येगळा, आनंदराज. ते पाणी हाय. समद्या गावाचं."

"ह्ये बी समद्या गावाचं हाय. माझ्या आज्याला ह्या गावचा आड बंद होता. कुणी दया केली तर वरून वंजळीत पाणी वतायचं. बंद म्हंजे काय, ते आमच्या घराला ठावं हाय." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "हिला पुन्यांदा तसं दारात उभं करू नका."

व्यंकटने मान खाली घातली. ईश्वरप्पांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं, वहाणा बाहेर ठेवून आत आले, मला हात जोडून हार उतरवला आणि बटण दाबलं.

दिवा लाल लागला. मी पूर्ण जोर लावत होतो, पण उजेड माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. ईश्वरप्पा घाबरले. "देवाचा कोप झाला म्हनायचा."

"कोप न्हाई काका," रेणुका वाकून बघत म्हणाली. "तारेच्या आत काच हाय. इतकी आवळून बांधली की उजेड अडतो. तार जोडाय आलेला माणूस सांगून गेलता. हळू सोडा, वढू नका."

ईश्वरप्पांनी हलक्या हाताने दोरा सोडला. तार मोकळी झाली. जरा वेळ सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग माझा दिवा हिरवा झाला. तो हिरवा दिवा लागताना मला जेवढा आनंद झाला तेवढा नारळ फुटताना झाला नव्हता.

बारा वाजून गेले होते. रेणुकाच्या फोनच्या पडद्यावरच्या कंपनीच्या बाईंनी उशिराचं कारण विचारलं. रेणुका काही बोलायच्या आत ईश्वरप्पांनी मध्ये तोंड घातलं. "बाई, पोरीची चूक न्हाई. आमी डब्याची पूजा करून त्याला बंद ठिवलं होतं." बाई हसल्या आणि मुलाखत सुरू झाली. दिवाळीच्या आधी रेणुकाला कामावर घेतल्याचं पत्र आलं. पंचायतीने माझ्यापासून तिच्या वस्तीपर्यंत तार ओढून दिली. आता आईच्या खाटेशेजारी बसून ती कुठल्या कुठल्या शेतकऱ्यांना पेरणीचं सांगत असते. तिचा शब्द न् शब्द माझ्यातून जातो, म्हणून मला कळतं.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. उन्हाळ्यात तापतो, वीज गेली की धाप लागते, नवा डबा येणार अशी बोलणी कानावर येतात. येऊ दे बापडा. तुमच्या गावातही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला पुसा, उंदरांपासून जपा, त्याची तार मुरगाळू नका, चारी खणताना ती कुठून गेली ते आधी विचारा. हार घातलात तरी हरकत नाही. पण जपायचं म्हणून त्याला कोंडून ठेवू नका. दाराबाहेर कुणाचा तरी जन्म अडून बसलेला असतो.

परवाच्या खंडेनवमीला ईश्वरप्पांनी मला जागेवरच कुंकू लावलं, दिवा चालूच ठेवला आणि दार नुसतं लोटून घरी गेले. कुलपाची दुसरी किल्लीही त्यांनी करून घेतली आहे. ती आनंदराज यांच्या घरी असते.