किहीमच्या वाळूत आफ्रिका

आफ्रिकेहून परत आलो आणि किहीममध्ये माझं नावच गेलं. अनंताचं घर कुठे असं विचारलं तर कुणी सांगत नसे, ‘आफ्रिकावाला’ म्हटलं की पोरं दारापर्यंत आणून सोडत. मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेवर मी फायरमन होतो, इंजिनाच्या पोटात लाकडं कोंबायची. तिकडचं जे सांगायचो त्यातलं निम्मं लोकांना थाप वाटे आणि उरलेलं ते करमणूक म्हणून ऐकत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. अलिबागच्या पलीकडे न गेलेल्यांनी मला खोटं पाडावं?

पुरता विश्वास ठेवला तो एकट्या सोनूबाई कोळणीने, आणि नेमका तोच माझ्या अंगाशी आला.

तिचा मुलगा कान्हा अजून तिकडेच होता. रेल्वे जिथे संपते तिथे एक अफाट सरोवर आहे. त्यावर आगबोटी चालतात, त्यातल्या एका बोटीवर तो खलाशी. मी खुशाली सांगितली आणि बोलण्याच्या भरात हेही सांगून बसलो, की तिथलं पाणी गोडं आहे, भरती-ओहोटी नाही, पण वादळ उठलं की बोटी काठाला लागेपर्यंत जिवात जीव नसतो. म्हातारीचा चेहरा उतरला. मला वाटलं, वादळाला घाबरली असेल.

नारळी पुनवेला सकाळीच ती पदराखाली नारळ घेऊन माझ्या दारात उभी राहिली. कोळीवाड्यातली प्रत्येक बाई आपल्या माणसांसाठी दर्याला नारळ देते. मिरवणूक दुपारनंतर निघायची होती.

“गोड्या पान्यात दर्या न्हाय,” ती म्हणाली. “मंग माजे पोरासाटी ह्यो नारल कुनाला देऊ? वादल हाय, आन् सांभालनारा कोन न्हाय.”

तिचा नवरा भिकू तिला समजावून थकला होता. तिचं ठरलं होतं. दर्या पोचत नसेल तर पोराने नोकरी सोडून घरी यायचं, आणि ते पत्र मी आजच्या आज लिहायचं. आईने सांगितलं असतं तर कान्हा आला असता. पण मी त्याला पाहिलं होतं. त्या पाण्याने त्याला वेड लावलं होतं, आणि येत्या वर्षी त्याला सुकाणूवर घेणार होते. हे पत्र लिहायला माझा हात धजेना.

म्हटलं, काकी, आधी जागा बघ, मग ठरव.

फावडं घेऊन तिला किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. किनारा उघडा पडला होता. तिकडे आमच्या स्टेशनमास्तरांच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा होता, तो मला पाठ होता. मी दर्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि फावड्याने भलीथोरली आफ्रिका काढली, भिंतीवर असते तशीच, डोकं पुढे, दर्याच्या बाजूला. डोक्याशी कोरडी वाळू आणून पसरली. हे वाळवंट, महिनोन् महिने चाललं तरी न संपणारं. कमरेशी ओलं शेवाळ रचलं. हे जंगल, इतकं दाट की आत दुपारी दिवा लावावा. भोवती वाळकं गवत विस्कटलं, त्यात जनावरांचे कळप. मग टाचेने उभी चीर पाडली. त्या चिरेच्या काठावर आमची गाडी पाण्यासाठी थांबायची. खाली भुई दुभंगलेली, आणि तळात ढगांच्या सावल्या फिरताना दिसायच्या. तिथे मी दर वेळी टोपी काढायचो, का ते मलाही ठाऊक नाही.

सोनूबाईने कनवटीचं मीठ दिलं. सुकटीला लावून उरलेलं. त्याचा मी डोंगर केला आणि म्हणालो, सूर्य डोक्यावर, पायथ्याशी घाम, आणि माथ्यावर बारा महिने असा पांढरा बर्फ. तिने डोंगराला हात जोडले. पुढे फावड्याने सरोवर खणलं आणि त्यातून थेट नकाशाच्या डोक्यावरच्या समुद्रापर्यंत, म्हणजे आमच्या दर्याच्या बाजूला, नाईल नदीचा चर ओढला.

“तुजी गारी कुटं धावं?”

मी मोंबासावर एक पाय ठेवला. दुसऱ्या पावलाला सरोवर आलं. जन्माची हाडं ज्या रुळांवर झिजवली, ती सगळी वाट एका ढांगेची. बाकीची आफ्रिका माझ्या भोवती पसरली होती आणि तिच्यातलं मी काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. आपला तालुका यात करंगळीएवढाही भरला नसता. मला एकदम खूप लहान वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

सोनूबाई मात्र नदी बघत होती. “ही दर्याला मिलते?”

म्हटलं, मिळते, पण दुसऱ्या समुद्राला.

“दर्ये समदे आतून एकच,” ती म्हणाली आणि चालत नदीच्या मुखाशी जाऊन बसली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या खाडीत दर भरतीला पाणी उलटं चढतं, समुद्राचे मासे पार आतल्या गावांपर्यंत येतात. तिला वाटत होतं, सगळ्या नद्यांचं तसंच असतं. मी खरं ते सांगितलं. ही नदी उतारावरून येते काकी, वाटेत धबधबे आहेत, भरती एवढं चढत नाही.

“बघू,” ती म्हणाली.

भरती लागली. पहिली लाट वाळवंटाच्या काठाला लागून परतली, पण तिची जीभ चरात शिरली. सोनूबाईने नारळ कपाळाला लावून चरात ठेवला. दुसरी लाट आली, तिसरी आली. नारळ अडखळला, वाळूला टेकला, पुन्हा उचलला गेला. वाळवंट बुडालं. जंगलाचं शेवाळ तरंगू लागलं. नारळ मात्र नदीतून उलटा चढत गेला, सरोवरात उतरला आणि तिथे गोल फिरत राहिला. माझ्या अंगावर काटा आला. धबधबे ठाऊक असूनही आला.

ती गुडघाभर पाण्यात शिरली, नारळाशेजारी ओंजळ बुडवली आणि चाखली.

“खारट हाय,” ती म्हणाली. “पत्र लिव, अनंता. म्हनावं, ऱ्हा थितंच. दर्या पोचला.”

मग तिने ओंजळ माझ्यापुढे धरली. मी चाखलं. खारट होतं.