कानोरची सभा

मेदिंगने टेबलावरची पितळी घंटा उचलली आणि समोर आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवली.

"आजची सभा तुम्ही चालवा, मानोंग."

तिचा आवाज तीन दिवसांपासून बसलेला होता, त्यामुळे हे एवढंसुद्धा घोगरंच निघालं. त्या गावात मोठ्या पुरुषाला मानाने मानोंग म्हणत, बाईला मानांग. कानोरने आधी घंटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी?"

"तुम्हीच. नाहीतरी दर वेळी तुम्हीच बोलता."

रविवारची प्रार्थना आटोपून चाळीसेक माणसं बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली जमली होती. मेदिंग मच्छीमार संघाची अध्यक्ष झाली त्याला चार वर्षं झाली, आणि चारही वर्षं कानोर प्रत्येक सभेत मागच्या बाकावरून ओरडत आला होता. तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच त्याचा हात वर जाई, आणि हाताच्या आधी तोंड सुटे. "कोणाला विचारून ठरवलंत?" गेल्या महिन्यात त्याने चिटणीस जोविताला सगळ्यांदेखत नगरपालिकेची पोपटीण म्हटलं. ती वही टाकून रडत घरी गेली, आणि तिला परत आणायला मेदिंगला तीनदा तिच्या दारी जावं लागलं.

अशा माणसांना सांभाळून सभा कशी चालवावी, याच्या दोन दिवसांच्या शिबिराला मेदिंग जाऊन आली होती. हसून ऐका, मुद्दा फळ्यावर लिहा, जबाबदारी द्या, असं तिथे शिकवलं. हसून हसून तिचे गाल दुखले, पण कानोर होता तसाच राहिला. आज घंटा देताना मात्र तिच्या मनात शिबिर नव्हतं. कळू दे एकदा याला, एवढंच होतं.

ती जाऊन मागच्या बाकावर बसली. इथवर ती कधी आली नव्हती. भिंतीपलीकडे बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं आणि बाक त्याच्या धडधडीने हलत होतं.

कानोरने सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं, चष्मा चढवला आणि कागद दूर धरून वाचू लागला. लुयांगच्या खडकाभोवती वर्षभर मासेमारी बंद ठेवायची. जाळ्यात बोटाएवढीच मासळी येऊ लागली होती, खडकाला उसंत हवीच होती. ठराव उद्या नगरपालिकेत पोचला नाही, तर खडकावर पहारा ठेवायला नगरपालिका देणार असलेली होडी शेजारच्या गावाला जाणार होती. या ठरावासाठी मेदिंग सात महिने खपली होती.

देल्फिना उठली आणि नेहमीप्रमाणे जावेच्या डुकरांच्या तक्रारीवर आली.

"देल्फिना, खाली बस," कानोर म्हणाला. "डुकरांची सभा वेगळी घेऊ. तिथे तूच अध्यक्ष."

लोक हसले. देल्फिनाही हसली आणि बसली. मेदिंगला हे चार वर्षांत जमलं नव्हतं. तिने पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

जोविता पुढे काहीतरी वाचत होती. यंत्राच्या आवाजात ओठ तेवढे हलताना दिसत होते. ऐकू येत होती ती शेजारच्या दोघांची कुजबुज.

"इंजिनवाले जातील लांब. आपण वल्ही मारत कुठवर जायचं?"

"मग बोल की, इस्लाव."

"माझं कोण ऐकतंय? कानोर बोलायचा. तो बसलाय तिकडे."

मेदिंग वळली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

इस्लाव गोंधळला. "दर वेळी सांगतोच ना, मानांग. गेल्या महिन्यातही कानोरने सांगितलं."

मेदिंगने आठवून पाहिलं. पोपटीण आठवलं, जोविताचा चेहरा आठवला. त्यानंतरही कानोर बराच वेळ बोलत होता. काय, ते तिला आठवेना. त्याला गप्प करायला ती घंटा वाजवत होती.

पुढे हात वर होऊ लागले. मेदिंग उभी राहिली, पण घशातून नुसता वारा आला. तिने बाकावर हात आपटला. माना वळल्या.

"मतदान चालू आहे, मेदिंग," कानोर म्हणाला. "बस खाली."

"वल्हेवाल्यांचं काय?" तिने कसंबसं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ते कागदावर नाही."

तो बोलून गेला आणि थांबला. त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला. मग सावकाश चष्मा काढला.

"बोल," तो म्हणाला.

मेदिंगने गळ्याला हात लावून मान हलवली.

"मग इस्लाव, तू बोल. आणि उभा राहून बोल."

पुढचा दीड तास वादात गेला. देल्फिना दोनदा डुकरांपाशी पोचली आणि दोनदा परत आणली गेली. शेवटी खडकाची बाहेरची बाजू सगळ्यांना बंद, आणि किनाऱ्याकडची बाजू फक्त वल्ह्याच्या होड्यांना मोकळी, असं ठरलं. इंजिनवाले कुरकुरले. नगरपालिका हे मान्य करील की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. जोविताने सगळं खोडून नव्याने लिहिलं.

सभा उठल्यावर कानोर मागे आला आणि मेदिंगशेजारी धपकन बसला. सदरा पाठीला चिकटला होता.

"जीव काढलात तुम्ही लोकांनी," तो म्हणाला. "दर महिन्याला असंच असतं?"

तिने मान डोलावली आणि थोडी सरकून त्याला जागा केली. बसून बसून तिचे पाय सुजले होते, उठावंसं वाटत नव्हतं.

"पुढच्या वेळीही तुम्हीच चालवा," ती म्हणाली. "मी इथेच बसते."

"आणि इथून मला ऐकू येईल असं ओरडायचं कोणी?"

मेदिंगने मैदानाकडे पाहिलं. इस्लावने मधोमध दोन इंजिनवाल्यांना अडवून धरलं होतं. त्यांचं वाक्य पुरं होऊ न देता, दोन्ही हात हवेत फेकत तो भांडत होता, आणि खुर्च्या गोळा करायला आलेली जोविता त्याचं कधी संपतंय याची वाट बघत उभी होती.